दोन चमचे एरंडेल

पूचीरावांना कुणी नमस्कार केला की ते उलट नमस्कार करत नसत. विचारत, "काल काय खाल्लं?" लग्नाच्या मांडवात व्याह्यांना हाच प्रश्न, देवळात गुरुजींना हाच. एकदा तर दौऱ्यावर आलेल्या कलेक्टरसाहेबांनाही विचारला. साहेब उत्तरेकडचे. त्यांना वाटलं, हा तंजावरचा शिष्टाचार असेल. बिचाऱ्यांनी आठवून आठवून आदल्या दिवसाचं सगळं जेवण सांगितलं. पूचीरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोणचं कमी करा."

पूची म्हणजे तमिळमध्ये किडा. पोटातल्या जंतालाही पूचीच म्हणतात. आणि आम्हा तंजावरी मराठ्यांत प्रत्येक पुरुष राव असतोच, कचेरीत हेडक्लार्क असो की घरी बसून पत्ते कुटत असो. त्यातले हे जंतांचे राव. खरं नाव काय होतं ते मला ठाऊक आहे, पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं. तोंडावर आम्ही त्यांना डॉक्टरमामा म्हणत असू. जुन्या एल.एम.पी. परीक्षेचे डॉक्टर, सरकारी आरोग्य खात्यात सारा जन्म गेला. नवे एम.बी.बी.एस. त्यांच्याकडे जरा नाक वर करून बघत. ते म्हणत, "बघू देत. जंतांना डिग्री वाचतां येत नाही."

त्यांच्या कातडी बॅगेत स्टेथोस्कोपच्या शेजारी एक काचेची बाटली असे आणि त्या बाटलीत औषधात बुडवलेला वीतभर लांबीचा एक जंत. पापनाशमला एका मोठ्या जमीनदारीणबाईंनी त्यांना झोपाळ्यावर बसवून ऐकवलं की आमच्या घरात असलं घाणेरडं काही नसतं हो. पूचीरावांनी काफीचा घोट घेतला, बाटली काढून झोपाळ्यावर ठेवली आणि म्हणाले, "हे कुठल्या घरचं ते सांगणार नाही. पण घर तुमच्या घरापेक्षा मोठं होतं." बाईंनी काफी परत मागवली नाही, पण सगळ्या नातवंडांना रांगेत उभं केलं.

चपलांचं वेड तर विचारूच नका. अंकुशकृमी, म्हणजे ज्याला ते हुकवर्म म्हणत, तो ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पीत बसतो. त्यामुळे भाताच्या शेतातून अनवाणी चालणारं माणूस दिसलं की हे बसमधून ओरडत. कंडक्टरला सवय झाली होती. नव्या पॅसेंजरला तो सांगे, "वेडे नाहीत, डॉक्टर आहेत."

मी त्यांच्या हाताखाली हेल्थ व्हिजिटर होते. सव्वीस वर्षांची, लग्न झालेली, नोकरी करते म्हणून सासरी थोडी मिरवणारी. हल्ली पुण्यात लेकाकडे असते. देवनागरी लिहायला इथे येऊन शिकले, तेव्हा चुकांना हसायचं असेल तर हसा. पण जे सांगणार आहे ते हसण्यासारखं सगळंच नाही.

एकोणीसशे साठच्या दशकात बर्मातून आपली माणसं परत यायला लागली. आपली म्हणजे तमिळ माणसं, ज्यांचे आजे-पणजे पापनाशम-तिरुवैयारुकडून तिकडे गेले होते. जहाजानं मद्रासला, तिथून आगगाडीनं इकडे. आज्याच्या गावी आले, पण गावात ओळखणारं कुणी नाही. सरकारनं त्यांना गावाबाहेरच्या एका बंद भातगिरणीच्या गोदामांत ठेवलं. सगळे त्यांना निर्वासित म्हणत. मला गंमत वाटे. आमचे पूर्वज तीनशे वर्षांमागे घोड्यावरून आले ते इथले झाले, आणि हे आपल्या आज्याच्या गावी परत आले ते निर्वासित.

माणसं पांढरीफटक होती. बायका दहा पावलं चालून धापा टाकत, पोरं मातीची ढेकळं चघळत. पूचीरावांनी एकेकीची पापणी खाली ओढून पाहिली, नमुने तपासले आणि सांगितलं की निम्म्याहून जास्त गोदामाला हुकवर्म आहे. औषध होतं. मोठ्या कॅप्सूलमधलं, वासाला उग्र. मात्र नियम कडक. आदल्या संध्याकाळी नुसती कांजी, म्हणजे भाताची पातळ पेज. तेल नाही, तूप नाही, खोबरं नाही, मासळी नाही. सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल, चार तास आडवं पडायचं, मग जुलाबाचं मीठ. पोटात स्निग्ध काही असलं तर औषध जंताला सोडून माणसाच्याच अंगात भिनतं, चक्कर येते, शुद्ध हरपते. हा नियम त्यांनी मला पंचवीस वेळा तरी म्हणायला लावला होता.

यात राजकारण कुठून शिरलं? अहो, जिथे चार माणसं उपाशी बसलेली असतात तिथे पाचवं भाषण करायला येतंच. गावातले एक वकील, सरकारविरुद्ध पक्षाचे, गोदामाच्या दारात उभे राहून विचारू लागले की परदेशातून आलेलं हे औषध तंजावरच्या बंगल्यांत का देत नाहीत? निर्वासितांवरच प्रयोग का? प्रश्न वाईट नव्हता, मी आजही म्हणते. पण उत्तर ऐकायला ते थांबत नसत. दुसरीकडे आमचे पंचायतीचे चेअरमन, सत्तेतल्या पक्षाचे. त्यांनी जाहीर केलं की औषध अमृत आहे, दुधासारखं निर्धोक आहे, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मी स्वतः कॅप्सूल गिळून दाखवणार.

पहिल्या दिवशी चेअरमन आले, हार घालून घेतले, हात पुढे केला. पूचीरावांनी विचारलं, "आज सकाळी काय खाल्लं?" चेअरमन म्हणाले, तुपातलं पोंगल आणि दोन वडे. पूचीरावांनी कॅप्सूल परत बाटलीत टाकली. "मग तुम्हांला देत नाही." गोदाम खो खो हसलं. वकिलांना तर घबाडच मिळालं. ऐका हो, चेअरमनला जे चालत नाही ते गरिबाला चालतं! पूचीराव त्यांच्याकडे न बघताच म्हणाले की गरिबानं कांजी खाल्ली आहे, चेअरमननीही उद्या कांजी खाऊन यावं, मी माझ्या हातानं भरवतो. चेअरमन आले नाहीत. त्या दिवसापासून दोन्ही पक्षांचा पूचीरावांवर सारखाच राग. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

दोन दिवस काम सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी पोन्नीची पाळी आली.

पोन्नी सात वर्षांची, फार बोलकी. गिरणीचा पोती तोलायचा काटा होता, त्यावर आम्ही पोरांचं वजन करत असू. ती काट्यावर उभी राहून मला विचारायची, अक्का, मी किती मापं भात झाले? त्या सकाळी तिनं कॅप्सूल नीट गिळली. पण तिला पित्ताचा त्रास म्हणून पूचीरावांनी मीठ लवकर द्यायला सांगितलं होतं. ते कडू पाणी तिनं दोनदा भडाभडा ओकून टाकलं. तिची आई माझा पदर धरून म्हणाली, अक्का, आमच्याकडे बर्मातसुद्धा जंतावर एरंडेलच देत. मीठ राहत नाही पोटात, एरंडेल द्या ना.

आता हे तंजावरात वाढलेल्या माणसालाच कळेल. आमच्या घरी महिन्यातून एक रविवार एरंडेलाचा. आजी नाक दाबून चमचा घालायची, वर मिरीचं गरम रसम, की पोट धुऊन स्वच्छ. जंत आणि एरंडेल ही जोडी माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेली. तेल नाही, तूप नाही हा नियम मला पाठ होता, पण तो खाण्याचा. एरंडेल का कुणी खातं? ते तर औषध! मी एका म्हातारीकडून बाटली आणली आणि पोन्नीला दोन चमचे पाजले. वर तिच्या आईला म्हणालेसुद्धा, बघा, आता कसं साफ होईल.

अर्ध्या तासात पोर दारू प्यायल्यासारखी बरळायला लागली. मग मान टाकली. ओठ पांढरे, नाडी दोऱ्यासारखी.

पूचीराव धावत आले. पायांखाली पोतं घालून पाय वर केले, कांबळं पांघरलं आणि तिच्या आईला विचारलं, काय काय पोटात गेलं? आई म्हणाली, काल कांजी, बाकी काही नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्याही लेखी एरंडेल खाण्यात जमा नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. तरीही मी म्हणाले, "कांजीच."

मोठ्या हॉस्पिटलातून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की हलवू नका, नाडी सांभाळा, वाट बघा. वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. बारा वाजेपर्यंत वकील माणसं घेऊन हजर. सरकारनं पोर मारली, अशी त्यांची आरोळी. चेअरमन त्यांच्या माणसांसह हजर. मुलगी आधीच आजारी होती, हे त्यांचं म्हणणं. दोघं दारात भांडत होते, आणि आत पूचीराव काय करत होते? एका कागदावर पोन्नीचं वय, वजन, डोस पुन्हा पुन्हा मांडत होते. मग उठून त्या काट्यापाशी गेले. स्वतः वर चढले, आकडा बघितला, उतरले, परत चढले. काटा चुकीचं वजन दाखवतो का ते बघत होते. एकदा, दोनदा, पाचदा. त्यांना वाटत होतं, आपल्या हातून पोरीला जास्त औषध गेलं. मी हे सगळं पोन्नीच्या उशाशी बसून बघत होते आणि तरी बोलले नाही. नोकरी जाईल, सासरी काय सांगू, लोक मारतील, हेच डोक्यात. ते वेगळं का लिहू? भीती होती आणि मी भित्री होते.

तीनच्या सुमाराला पोन्नीनं डोळे उघडले, गोदामाचं छप्पर बघितलं आणि तमिळमध्ये खणखणीत आवाजात सांगितलं की मला शू लागलीय. तिची आई आधी हसली आणि मग रडली. मी तिला उचलून बाहेर नेलं. पूचीरावांनी तिची नाडी पुन्हा धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. दारातलं भांडण मात्र थांबलं नव्हतं. तहसीलदारांनी येऊन सांगितलं की औषध बंद, उद्या सकाळी इथेच बैठक, तिथे काय ते ठरेल.

संध्याकाळी पाचच्या बससाठी आम्ही दोघं रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलो होतो. पूचीराव एका दिवसात म्हातारे दिसत होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, मामा, मीठ राहिलं नाही म्हणून मी तिला दोन चमचे एरंडेल पाजलं होतं.

ते एकदम हसायला लागले. "म्हणजे डोस बरोबर होता!" असं दोनदा म्हणाले. हसता हसता चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मलाही वाटलं, चला, सुटलो. मग त्यांचा चेहरा बदलला. हळू आवाजात म्हणाले, "तुळसा, सकाळपासून मी स्वतःला खुनी समजत होतों. तू बघत होतीस की." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बस आली. बसमध्ये त्यांनी कुणावर ओरडलं नाही, बाहेर अनवाणी माणसं चालत असूनसुद्धा. उतरताना एवढंच म्हणाले, "उद्या मी तुझं नांव घेणार नाही. घेणें असलं तर तू घे." मी घरी गेले, जेवले नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. ते भले माणूस, म्हणाले, नोकरी गेली तर गेली, तोंड तर दाखवता येईल.

सकाळी गोदाम गच्च भरलं. टेबलावर दोन कागद तयार होते. एक चेअरमननी लिहून आणलेला, औषध पूर्ण निर्धोक आहे. दुसरा वकिलांचा, औषध विषारी आहे. दोघांनाही खाली पूचीरावांची सही हवी होती. त्यांनी दोन्ही वाचले आणि परत ठेवले. म्हणाले की मुलीच्या पोटात एरंडेल गेलं होतं. मी तेल सांगितलं, तूप सांगितलं, खोबरं सांगितलं. एरंडेल सांगितलं नाही. मी याच गावात जन्मलो, लहानपणी दर महिन्याला एरंडेल प्यालो, इथली माणसं जंतावर काय देतात ते मला ठाऊक असायला हवं होतं. नियम माझा, चूक माझी.

हे ऐकताच चेअरमन आणि वकील दोघांचेही चेहरे उजळले. अपराधी सापडला होता, आणि तो दोघांपैकी कुणाच्याच पक्षाचा नव्हता. डॉक्टरला सस्पेंड करा, असं दोघं एका सुरात म्हणाले. तहसीलदार लेखणी उचलणार, इतक्यात मी उभी राहिले. कशी राहिले ते देवाला माहीत.

"एरंडेल मी दिलं. आणि काल विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

गलका झाला. कुणीतरी मला शिवीही दिली. तेवढ्यात मागून पोन्नीची आई उठली, पोन्नी कडेवर. म्हणाली, मी मागितलं म्हणून त्यांनी दिलं. तुमचं भांडण झालं असेल तर मला एक सांगा, माझ्या पोरीच्या पोटातले किडे अजून आहेत ना? ते कधी जाणार?

त्यावर कुणाकडेच कागद नव्हता. वकील खाली बसले. पहिल्यांदाच भाषणाचा सूर सोडून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. हे औषध धोक्याचं की नाही?"

"धोक्याचं अहे," पूचीराव म्हणाले. "जंतही धोक्याचा अहे. ही बाई दहा पावलं चालून धापा टाकते, तुम्ही रोज बघतां. मी दोहोंच्या मध्ये बसलों अहें. तुम्हीही येऊन बसा, मला बरंच होईल."

आणि काय सांगू, वकील खरंच येऊन बसले! पंधरा दिवसांनी दुसरी फेरी ठरली तेव्हा हे गृहस्थ आदल्या संध्याकाळपासून स्वयंपाकाच्या चुलींमधून फिरत होते. एका आजीच्या चटणीतलं खोबरं त्यांनी पकडलं आणि तिला असं झापलं की पूचीरावांना मध्ये पडावं लागलं. चेअरमननी पोरांना मीठ कडू लागू नये म्हणून लिंबाची सरबतं पाठवली. नियमांचा नवा कागद दारावर लागला, त्यात सर्वांत वर मोठ्या अक्षरांत एरंडेल. मला लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली.

दुसऱ्या फेरीला मी मामांना म्हणाले, मी कॅप्सूल देणार नाही, मी नुसती नावं लिहीन. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि मला बाटली देऊन दुसऱ्या गोदामाकडे निघून गेले. रांगेत सहावी पोन्नी. तिची आई तिला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. शेजारी दुसरी नर्स होती, तिची रांग छोटी होती. बाई तिकडे गेली नाही. पहिली कॅप्सूल माझ्या हातून खाली पडली. मी दुसरी काढली. पोन्नीनं आ केला आणि मी ती तिच्या जिभेवर ठेवली.

दुपारपर्यंत गोदामात एकही पोर आजारी पडलं नाही. पोन्नी तर चार तास आडवं राहायला तयार नव्हती. तिला धरून ठेवणं हेच काम होऊन बसलं. पूचीराव परत आले, ओळीनं सगळ्या नाड्या बघितल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले. ते म्हणाले, "मीही भ्यालों होतों ग. आतां गेली भीती." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या शेजारी बसून लहान मुलीसारखी रडले आणि त्यांनी मला रडू दिलं.

महिन्या-दोन महिन्यांत गोदामातल्या बायकांच्या ओठांवर रंग आला. त्याच वर्षी पूचीराव रिटायर झाले आणि जमशेदपूरला मुलाकडे निघाले. तिकडे जंत नसतील तर माणूस वेळ कसा घालवणार, ही माझी चिंता. तंजावर स्टेशनवर आम्ही दहा-बाराजण पोहोचवायला गेलो होतो. वकीलही हार घेऊन आले. गाडीला वेळ होता. सगळे बोलत होते. त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या माझ्या गप्प बसण्याबद्दल मी त्यांची माफी कधी मागितलीच नव्हती. रोज ठरवायची, रोज राहून जायचं. गाडी हलली तेव्हा मी खिडकीचा गज धरून चालायला लागले आणि कशीबशी म्हणाले, मामा, तो दिवस...

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "तो दिवस मी विसरलों. तू विसरूं नक्को."

पुढे तीस वर्षं नोकरी केली. हजारो तोंडांत औषध घातलं. चुका झाल्या, नाही कशा होणार. पण चूक झाली की त्याच मिनिटाला तोंडातून बाहेर. नव्या पोरी म्हणत, तुळसाअक्का किती धीट! मला तो काट्यावर चढणारा-उतरणारा म्हातारा माणूस दिसत असे.